जमवाजमव

इंदूरच्या मराठी घरात “सामान जमवून ठेव” असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ, सामान नीट लावून ठेव. हिंदीतलं ‘जमाना’ हे क्रियापद आमच्या बोलण्यात इतकं मुरलंय की ते बाहेरून आलंय हे इंदूर सोडल्यावरच कळतं. पुण्याला मावशीकडे पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा मी तिला म्हणालो, “मावशी, कपाट जमवून देऊ का?” ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मराठीत जमवायची ती माणसं, पैसे, फार तर पोस्टाची तिकिटं. कपाट कुठून जमवणार?

माझे काका या दोन अर्थांच्या मधोमध आयुष्यभर दुकान मांडून बसले. काकू म्हणायच्या, “अहो, दुकान जमवा आता.” काका म्हणायचे, “जमवतोच आहे.” आणि खरंच जमवत राहायचे, पण मावशीच्या अर्थाने.

दुकान बटणांचं. राजवाड्यापासून शीतलामाता बाजाराकडे जाताना एका बोळात, रुंदीला आठ फूट आणि खोलीला असं की आतल्या टोकाला भर दुपारी दिवा लावावा लागे. बटणं, चेन, लेस, बकरम, इलॅस्टिक, शिलाईचे दोरे. इंदुरात तयार कपड्यांचे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. वरच्या मजल्यावर राहायचं, खालच्या खोलीत चार-सहा मशिनी. ते कारखानदार आणि शिंपी हे काकांचं गिऱ्हाईक. सकाळी पोहे-जिलबी खाऊन मंडळी बाजारात उतरत, त्यामुळे अकरापर्यंत दुकानात पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा वास असायचा.

बटणांच्या दुकानांची एक जुनी आणि मला फार आवडणारी पद्धत आहे. प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला आतल्या बटणांपैकी एक बटण दोऱ्याने शिवून टाकायचं. लेबल नको, नंबर नको, अक्षरओळख नसलेल्या पोऱ्यालाही खोकं सापडतं. बटण हेच बटणाचं नाव. काकांच्या दुकानात अशी नऊएकशे खोकी होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडावर एक बटण, तर पोटात दुसरंच. झालं असं की एखादं खोकं रिकामं व्हायचं, नवा माल यायचा, त्याचं स्वतःचं खोकं फाटलेलं असायचं. मग तो माल “तात्पुरता” रिकाम्या खोक्यात जायचा. आमच्या दुकानातलं सगळ्यात टिकाऊ काय असेल तर ते तात्पुरतं.

तरीही दुकान चालत होतं, चांगलं चालत होतं, हे आधी कबूल करायला हवं. गिऱ्हाईक दारात उभं राहून खिशातून बटण काढायचं, “काकाजी, ये वाला, अठरा नंबर, दो ग्रोस.” काका बटणाकडे एकदा बघायचे, उठायचे, उजवीकडच्या फळीवरच्या कोटाच्या बटणांच्या खोक्यात हात घालायचे आणि शर्टाची अठरा नंबरची बटणं काढायचे. जादूच. गिऱ्हाईक खूश, काका त्याहून खूश. मला आता वाटतं, त्यांना त्या गोंधळाचा अभिमानच होता. ज्या दुकानात कुणालाही काहीही सापडू शकतं तिथे मालकाची काय किंमत?

जे लोक पसाऱ्याला सरसकट नावं ठेवतात त्यांना एकदा रात्री सराफ्यात न्यावं. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं, आणि सराफांनी शटर ओढलं की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे आणि मालपुव्यांच्या कढया. धूर, गर्दी, स्कूटरी, आरडाओरडा. परका माणूस म्हणेल, काय हा गोंधळ! पण कोणता ओटा कुणाचा, शेगडी कुठे बसणार, पाण्याचं पिंप कुठे, हे इंच-इंच ठरलेलं असतं, आणि सकाळी सराफ येतो तेव्हा त्याला त्याची जागा परत मिळते. सोनाराच्या धंद्यात तर दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत. तो झारेकऱ्याला विकतात, तो धुऊन-गाळून त्यातले सोन्याचे कण काढतो. सराफा दिसायला विस्कटलेला आहे, असायला नाही. काकांचं दुकान पुष्कळदा उलटं असायचं. दिवाळीच्या आधी झाडून-पुसून, रंग देऊन, झेंडूची माळ लावून बसलं की बघत राहावं, आणि अठरा नंबर मागितला की बोंब.

बोंब कशी पडते याचा एकच हिशेब सांगतो. एका शर्टाला साधारण अकरा बटणं लागतात. बटणं विकतात ग्रोसवर, ग्रोस म्हणजे 144. तेव्हा एका ग्रोसमध्ये तेरा शर्ट होतात आणि एक बटण उरतं. एका कारखानदाराला तीनशे शर्टांची ऑर्डर होती. बटणं हवीत 3,300, म्हणजे तेवीस ग्रोस, आणि उरतात फक्त बारा. बटणं रंगवताना प्रत्येक लॉटची छटा केसभर वेगळी येते, म्हणून सगळी एकाच लॉटची लागतात. काकांनी बावीस ग्रोस मोजून दिली. तेविसावं “इथेच कुठेतरी आहे, संध्याकाळी घेऊन जा.” संध्याकाळी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी शेजारच्या दुकानातून जवळपास तोच रंग आणून दिला, आणि ‘जवळपास’ हा शब्द शर्टाच्या छातीवर लगेच दिसतो. माल परत आला. तो कारखानदार भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो पुढे नुसता यायचा थांबला, आणि काका वर्षभर म्हणत राहिले, “त्याचं काम मंदावलेलं दिसतंय.”

मला या प्रकारच्या नुकसानीत हेच सगळ्यात वाईट वाटतं. चोरी झाली तर कळतं, आग लागली तर कळतं. अव्यवस्थेने गेलेलं गिऱ्हाईक जाताना दार वाजवत नाही.

बाकी नुकसान चारचौघांसारखंच. आहे तो माल सापडत नाही म्हणून पुन्हा मागवायचा. आम्ही पुढे मोजलं तेव्हा एकाच पांढऱ्या चेनचे तीन गठ्ठे तीन वर्षांचे निघाले. न सापडणाऱ्या मालात, समजा, दोन लाख अडकले आणि बँकेचं व्याज बारा टक्के धरलं, तर महिन्याला दोन हजार रुपये न दिसणारं भाडंच झालं. भाडं घेणारा दिसला तर माणूस त्याच्याशी घासाघीस तरी करतो. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, हरवली तर गोदामात माल पडून राहतो आणि वर त्याचं डॅमरेज चढतं. काकांची बिलं भिंतीवरच्या लोखंडी तारेला टोचलेली असत. ही फाइल वाईट नाही, निदान तारखेचा क्रम तरी राखते, पण कालचं बिल वर आणि तीन महिन्यांपूर्वीचं काढायचं तर पंचवीस कागद उतरवायचे, ते गल्ल्यावर ठेवायचे, तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं.

जीएसटी 1 जुलै 2017 ला आला आणि या तारेचं खरं मोल कळलं. मालावर भरलेला कर वजा करून घ्यायचा तर खरेदीचं पक्कं बिल हवं, शिवाय विकणाऱ्यानेही ते आपल्या बाजूने चढवलेलं हवं. बिल हरवलं की तो कर आपल्याच खिशातून गेला. आता तो वजा करून घ्यायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे; ती उलटली की बिल सापडूनही उपयोग नाही, फ्रेम करून लावा. आमच्याकडे कर भरून देणाऱ्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात. ते काकांना दर महिन्याला फोन करत आणि काका दर महिन्याला “कागद जमवतोय” म्हणत. कोणत्या अर्थाने, ते वकीलसाहेबांना लवकरच कळलं.

गंमत बघा. त्याच वर्षी, 2017 मध्ये, इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलं आणि पुढेही वर्षानुवर्षं ठरत राहिलं. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत बोळाच्या तोंडाशी आली की काका गिऱ्हाईक सोडून उठायचे. ओला वेगळा, सुका वेगळा, वाटेत कुणी चहाचा कप टाकला तर त्याला ऐकवायचे, “भिया, इंदौर है ये.” कचरा इतक्या निष्ठेने वेगळा करणारा माणूस माल वेगळा करत नव्हता. मी एकदा बोललो तसं. काका म्हणाले, “कचऱ्याची गाडी रोज येते. मालाची येते का?” हसून सोडून दिलं तेव्हा. आता वाटतं, अगदी खरं बोलले होते. शिस्तीला बाहेरून कुणीतरी वेळेवर येऊन हाक मारावी लागते.

गल्ला हे आणखी एक प्रकरण. लाकडी, आतून लाल कापड लावलेला, आणि त्याच्यात घर आणि दुकान एकत्र नांदत होतं. भाजीचे पैसे त्यातून, मुलीची फी त्यातून, मुंबईच्या व्यापाऱ्याचं देणंही त्यातूनच. महिन्याअखेरी फायदा किती हे विचारलं तर काका गल्ल्याकडे बघायचे, जसं विहिरीत वाकून पाणी बघतात. आणि हे कुठे, तर होळकरांच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर! होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ ही दोन खाती पहिल्यापासून वेगळी. थोरल्या बाजीरावांच्या काळात, 1734 मध्ये, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर झाली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जो दानधर्म केला त्याला मुख्यतः हा खासगीचा पैसा होता. राज्याची तिजोरी राज्याला. अठराव्या शतकातल्या बाईंना जे जमलं ते आठ फुटी दुकानाला जमू नये? पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मला स्वतःलाही ते जमलेलं नाही; माझ्या लेखनाचं मानधन आणि दुधाचं बिल एकाच खात्यात आहेत.

आपल्या लोकांना कागद नीट ठेवता येत नाहीत असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. मोडी लिहिणारे कारकून आधी आडवी रेघ मारून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले आहेत, आणि तो रुमाल सोडला की दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एखाद्या मुक्कामावर काय खर्च झाला ते आजही वाचता येतं. समर्थांनी दासबोधात, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, नुसता लेखनक्रियेवर खर्च केलाय: अक्षर कसं, ओळ कशी, शाई कशी. काकांकडे दासबोध होता. त्याच्यात दोन बिलं सापडली.

दर वर्षी दिवाळीआधी पुष्य नक्षत्र आलं की काका खजुरी बाजारातून लाल कापडाची नवी वही आणायचे. लक्ष्मीपूजनाला तिच्यावर कुंकू, पहिल्या पानावर श्री, दोन बाजूंना शुभ-लाभ. सुरुवातीची दहा-बारा पानं देखणी असत. जमा डावीकडे, नावे उजवीकडे, रोजचा मेळ बसवलेला. मग लग्नसराई सुरू व्हायची आणि वही गादीखाली जायची. अशा एकवीस वह्या निघाल्या, प्रत्येकीची पहिली दहा पानं लिहिलेली. शाळेत आमचं इतिहासाचं पुस्तक असंच असायचं. अश्मयुग सगळ्यांना पाठ.

2018 च्या डिसेंबरात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

त्या दिवसापर्यंत आम्ही समजत होतो की दुकान विस्कळीत आहे. तसं नव्हतं. दुकानाची पुरी यादी होती, खोकं न् खोकं तिच्यात होतं, फक्त ती एका माणसाच्या डोक्यात होती आणि आता त्या डोक्यातून बाहेर यायला वाट नव्हती. काकूंनी शटर उघडलं, मी सुट्टी काढून आलो, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. सफारीची बटणं मागितली. आम्ही दोघांनी चाळीस मिनिटं शोधलं. तो बिचारा चहा पिऊन गेला.

मग मी ती चूक केली, जी सुशिक्षित माणूस हमखास करतो. म्हटलं, आधी सगळं लावून टाकू. फळ्या रिकाम्या केल्या, शर्टाची एकीकडे, कोटाची एकीकडे, लेडीज माल आत. आठवडाभर राबलो. काका थोडे सावरले होते म्हणून एके दिवशी रिक्षाने त्यांना दुकानात आणलं, गादीवर टेकवून बसवलं. गिऱ्हाईकाने बटण दाखवलं. काकांनी बघितलं आणि डावा हात उचलून उजवीकडच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं, अगदी ठाम. मी खोकं काढलं, आत लेस. काकांनी मान हलवली, पुन्हा तिथेच बोट. तिथे पूर्वी काय होतं ते मला आठवेना, कारण मी ते हलवलं होतं. त्यांचं तोंड लाल झालं. शब्द येत नव्हते, नुसता एक आवाज येत होता. काकू त्यांचा हात धरून म्हणत होत्या, “असू द्या, असू द्या.” होता तो एकुलता नकाशा मी आठ दिवसांत पुसून टाकला होता. आधी त्यांच्याजवळ बसून, बोटाने दाखवतील ते खोकं उघडून, लिहून घ्यायला हवं होतं. लावायचं ते नंतर.

उधारीच्या चिठ्ठ्यांचंही तेच. काकांनी नावं लिहिली होती ती स्वतःच्या सोयीने: ‘पाटनीपुरावाला’, ‘छोटे मास्टर’, ‘चष्मा’, आणि माझी लाडकी, ‘लाल लूना 1,850’. बरं, वसुलीची वेळ निघून गेलेली. साध्या उधारीला कायद्याने तीन वर्षं. त्या मुदतीत उधार नेणाऱ्याची सही असलेली कबुली घेतली तरच घड्याळ नव्याने सुरू होतं. आमच्याकडे कुणाची सही नव्हती, मुळात ‘चष्मा’ कोण तेच माहीत नव्हतं. चेनच्या एका खोक्यात 32,400 चा चेक निघाला, चार महिने जुना. चेक तीन महिन्यांत शिळा होतो. देणारा सज्जन होता, दोन खेपांनंतर दुसरा दिला, पण देताना ज्या नजरेने बघितलं ती काकूंच्या अजून लक्षात आहे.

आणि एक दिवस पन्नाशीचा एक शिंपी आपणहून आला. बायकोने लिहिलेली शाळकरी वही घेऊन. तारीखवार, ‘बटनवाले काकाजी’ या मथळ्याखाली, काय नेलं, किती दिलं, किती बाकी. 6,715 रुपये बाकी होते. ते मोजून ठेवले. आमच्याकडे त्याची चिठ्ठीच नव्हती. आमचं येणं आम्हाला उधारीवाल्याच्या वहीतून कळलं. तो लाल लूनावाला नव्हे, हे मी विचारून घेतलं.

पुढे 2023 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागला. 1991 मध्ये बंद पडलेली मिल, 224 कोटी रुपये. शहरभर तोच विषय. एका जुन्या उधारीवाल्याने काकूंना हसत ऐकवलं, “काकीजी, मिलवालों को बत्तीस साल में मिला, आप तो जल्दी कर रहे हो.” काकूंना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, “उनके पास कागज थे, भैया.”

त्याआधीच, 2020 च्या शेवटी, काका गेले. दुकान विकावं असं घरात बहुतेकांचं मत होतं, माझंसुद्धा. काकूंनी ते ऐकलं आणि सुई-दोरा घेऊन बसल्या. त्यांनी फळ्यांना हात लावला नाही. रोज दहा खोकी उतरवायची, आत काय आहे ते बघायचं, त्यातलं एक बटण तोंडावर शिवायचं, खोकं जिथून काढलं तिथेच परत. तीन महिने लागले. त्यात ते तेविसावं ग्रोस मिळालं, इलॅस्टिकच्या पोत्यात. त्या कारखानदाराला काकूंनी फोन केला, उगीच, सांगायला म्हणून. तो आला नाही, पण त्याचा मुलगा कधीमधी येतो.

गल्ले आता दोन आहेत. घराचा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दर शनिवारी दुकानातून त्यात ठरलेली रक्कम पडते आणि मधल्या दिवशी काकू स्वतःलासुद्धा उसने देत नाहीत. उधारीची वही आहे, तीत पूर्ण नाव, फोन आणि सही. सही करायला लाजणाऱ्याला उधार नाही. थोडं गिऱ्हाईक तुटलं त्यामुळे, हे खरं आहे. काकूंची सून मोबाइलवर स्टॉक चढवते. काकूंचा त्यावर विश्वास नाही, पण ती चढवते तोवर त्या शेजारी बसून बघतात.

लाल लूना अजून आलेली नाही. तुम्ही असाल किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल तर दुकान सकाळी अकरा ते रात्री साडेआठ उघडं असतं. गुरुवारी दुपारी माल मोजतात, तेव्हा फोन करू नका. मध्येच कुणी बोललं की काकूंचा आकडा चुकतो आणि त्या पहिल्यापासून मोजतात.